दोन बोटं कमी

दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. निपाणी-बेळगाव सर्व्हिस मोटार मष्णू चालवायचा. मोटार होती आण्णाप्पा मालकांची. पण ती खोकली की पडसं व्हायचं मष्णूला. सकाळी पुसणार, सांजेला पुसणार, आणि कुणी बोट लावलं की अंगावर धावून जाणार. त्याची बायको जयाबाई म्हणायची, "त्या बयेसंगंच लगीन लावायचं हुतं की!"

त्या बयेनं चार महिने नखरे मांडले होते. निपाणी सोडली की तवंदीचा घाट लागतो. निम्मा घाट चढला की रेडिएटरच्या टोपणातनं फुस्स करून गरम पाणी उडायचं. फार नाही, तांब्याभर. पण पुढं बसलेल्या उतारूंचा जीव गळ्याशी यायचा. संकेश्वरच्या एका म्हातारीनं तर खाली उतरून बाजाराच्या गाठोड्यातल्या मिरच्या काढल्या आणि मोटारीची दृष्टच उतरली!

गाऱ्हाणं मालकांच्या कानावर गेलं. आण्णाप्पा म्हणजे तापल्या तव्यावरचं पाणी.

"मष्ण्या, रेडेटर गेलाय तिचा. सोमवारी मी सोता बसतो. घाटात थेंब जरी उडाला, तर मोटार भंगारात घालतो, आणि तू जा तंबाखू खुडायला!"

मष्णूचं धाबं दणाणलं. मोटार गेली तर त्याच्या हाताला दुसरं कामच नव्हतं. त्यानं नळ्या चाचपल्या, सांध्यांना साबण लावून बघितला, मोटारीखाली कोरडी राख पसरून ठेवली. राख कोरडीच. रेडिएटर ठणठणीत, अजून दहा वर्षं हूं की चूं करणार नाही असा. आणि नवल म्हणजे, रोज सकाळी तो पाणी बघायचा तेव्हा ते काठाला दोन बोटं कमी असायचं. तसंच लागतं, पाणी तापलं की फुगतं, त्याला जागा हवी. सांजेलाही दोन बोटंच कमी. मग उडायचं ते पाणी येत होतं कुठनं?

रविवारी सकाळी पाणी बघून झाल्यावर मष्णू रोजच्यासारखा आंघोळीला गेला नाही. गोठ्याच्या आडोशाला उभा राहिला. थोड्या वेळानं कमरेवर भरली घागर घेऊन जयाबाई बाहेर आली. तिनं टोपण काढलं आणि रेडिएटर काठोकाठ भरला, पाणी वरून वाहेपर्यंत भरला. मग त्याला कुंकवाचं बोट लावून हळूच म्हणाली, "बाई, माझा धनी तुझ्या वटीत घातलाय. माघारी आण गं."

"तू व्हय ती!" मष्णू कडाडला. "माझ्या पोटावर पाय द्याय लागलीस?"

जयाबाई दचकली. मग खालमानेनं म्हणाली, "आषाढात नळी फाटून पाणी गेलतं, मोटार घाटात अडकली, ध्यानात हाय? तुमी दुसऱ्या दिशी आला. हितं लोकांनी सांगितलं मोटार दरीत गेली. मी कुकू पुसाया हात वर न्हेलता अवं..." पदर तोंडाशी धरून एवढंच म्हणाली, "काठोकाठ भरल्याबिगर माझं मन थाऱ्यावर न्हाय."

मष्णूचा राग कुठल्या कुठं गेला. त्यानं तिला शेजारी बसवून दोन बोटांचं गणित सांगितलं. उद्या मालक बसणार तेही सांगितलं. तिनं डोळे पुसले. "बरं. न्हाय वतत."

सोमवारी मालक धोतर सावरून पुढच्या बैठकीवर बसले. जयाबाई दारात उभी होती, कमरेवर भरली घागर, ओठ घट्ट मिटलेले. ती जागची हलली नाही. शब्द पाळत होती बिचारी. मष्णूनं मोटार सुरू करायला हँडल लावलं आणि तिच्याकडं बघितलं. चेहरा पांढराफटक. आपण तर जाऊ बेळगावला. हिनं सांजेपर्यंत काय करायचं? हँडल तसंच सोडून त्यानं टोपण काढलं.

"वत!"

"मष्ण्या, याड लागलं काय रं?" मालक ओरडले.

"वत गं. काठोकाठ."

तिनं घागर वाकवून ओतलं. मग मष्णूनं तिच्याकडनं घरातला तांब्या मागून घेतला, खाली वाकून रेडिएटरची तोटी त्यात सोडली, वर दोन बोटं घालून अंदाज घेतला आणि तोटी बंद केली. भरला तांब्या तिच्या हातात दिला.

"ह्ये तुझ्यापाशी ठेव. सांजच्याला मागाय येतो."

मालकांनी एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. मग खाकरून म्हणाले, "चल आता."

घाटात थेंब उडाला नाही. माथ्यावर मोटार थांबवून मालकांनी स्वतः टोपणाभोवती बोट फिरवलं. कोरडं.

"रेडेटर बरा हाय की रं! मग उडायचं कशानं?"

"जास्त झालतं, मालक," मष्णू म्हणाला.

मालक हसले. "नशीबवान हाईस लेका. चल, चालीव मोटार."

जयाबाई दुपारपासनं तांब्या मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली होती. शेजारणी हसून गेल्या, तरी उठली नाही. दिवस कलताना भोंगा वाजला. मष्णू उतरून अंगणात आला आणि हात पुढं करून म्हणाला, "दे माझं पाणी."

तिनं हातात दिलं नाही. घरी आलेल्या माणसाच्या पायांवर घालतात, तसं ते गंजानं तांबूस झालेलं पाणी तिनं त्याच्या पायांवर ओतलं, शेवटच्या थेंबापर्यंत. मग रिकामा तांब्या पोटाशी धरला आणि आषाढापासनं अडवलेलं रडू तिनं पोटभर रडून घेतलं.