मालक काय करतात?

"मी भर्त एं चेस्तुन्नारु?" रेणुकाबाईने ज्वारी पाखडता पाखडता सुनेला विचारलं.

"चनिपोयारु," वच्छला म्हणाली.

"खाली पाहून सांग. शाळेतल्या कवितेवानी फाडफाड नोको बोलू."

वच्छलाने मान खाली घातली. "चनिपोयारु."

"एला?"

"लारी यॅक्सिडेंट."

रेणुकाबाईने सुपातला खडा वेचून दाराबाहेर फेकला आणि पुढचा सवाल टाकला.

तुझा नवरा काय करतो? वारला. कसा? लारीखाली. एवढंच त्या तेलुगूत होतं. म्हातारीचं माहेर नेरडीगोंड्याकडचं, तेलुगू शेजारातलं, म्हणून मुलाखतीच्या सरावाला घरातली मॅडम तीच. वच्छला मराठी शाळेतून दहावी झालेली. तिची तेलुगू बाजारात मिरच्या घेण्यापुरती. गाव तेलंगणातलं, मुलाखत जैनथला मंडलाच्या आफिसात, आणि ती तेलुगूतच होणार असं सरपंच पांडुरंगराव सांगून गेले होते. अंगणवाडीची जागा एक, आणि डोळा ठेवून बसलेल्या बाया ढीगभर.

"विधवेला आधी घेतात," पांडुरंगराव ओट्यावर बसून म्हणाले होते. "कागदाचं मी पाहातो. तोंडी तेवढं नीट सांगा."

आता गंमत अशी, की वच्छला विधवा आहे की नाही हे देवालाच ठाऊक. नवरा महिपत चार वर्षांमागे बोअरच्या गाडीवर कामाला म्हणून गेला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. बैलांच्या शिंगांचा रंगसुद्धा उतरला नव्हता. पुढच्या उन्हाळ्यात आदिलाबादच्या बाजारातून उडतउडत खबर आली, की कर्नूलकडे त्याच गाडीखाली एक मराठी माणूस सापडला. गल्लीतल्या बाया गोळा झाल्या. कोणी पाण्याची घागर आणून ठेवली. मेल्याची खबर ऐकली की लुगड्यासकट डोक्यावरून पाणी घ्यायचं, ही रीतच. रेणुकाबाईने ती घागर लाथेने लवंडली.

"माह्या पोराले मेलेलं कोनं पाह्यलं? ज्यानं पाह्यलं त्यानं सामने यावं."

कोण येणार? पाहिलेलं कोणीच नव्हतं. त्या दिवसापासून तिच्या दारात तो शब्द काढायची कोणाची छाती झाली नाही. सुनेचं कुंकू राहिलं, गळ्यातलं डोरलं राहिलं. सणाला महिपतचं ताट मांडलं जाई, आणि मग तेच ताट त्याची पोरगी जेवत असे.

आणि अशा या बाईनेच, पांडुरंगराव उठून गेल्यावर, चुलीत काडी सारत म्हटलं होतं, "सांगून टाक."

वच्छला बघतच राहिली.

"पाहून काऊन राह्यली? निंदनाच्या मजुरीवर पोरगी वाढन का? अडला हरी गाढवाचे पाय धरी. आन तेलुगूत तं सांगाचं हाय. तेलुगूत सांगितलं म्हनून तो थोडाच मरते?"

वच्छलाला ते पटलं. पटवून घ्यावं लागलं म्हणा हवं तर. पण खरंच, तो शब्द जिभेवर कसलाच लागत नव्हता. कोमट पाण्याची चूळ भरून टाकावी तसा तो यायचा नि जायचा. पोरगी शाळेत गेली की दोघी बसायच्या आणि महिपतला दिवसभर तेलुगूत मारायच्या.

मुलाखतीच्या सकाळी फाट्यावरच्या बाभळीखाली रेणुकाबाईने स्वतःच्या हाताने सुनेचं डोरलं काढलं, पदराच्या टोकाने कपाळ पुसलं. डोरलं आपल्या पदराला गाठ मारून बांधलं.

"येताना इथंच घालू. गावात कोनाले दिसाचं काम नाही."

आफिसात म्हातारी बाहेरच्या ओसरीवर, खिडकीखाली टेकली. आतली मॅडम वच्छलाच्याच वयाची होती. तिने नाव विचारलं, गाव विचारलं, वच्छलाने सांगितलं. शिक्षणाशी येऊन तिची तेलुगू अडखळली. मॅडम हसली.

"बाई, मराठीतच बोला. मी नांदेडला शिकलेय."

दुसरी कोणी असती तर तिला हायसं वाटलं असतं. वच्छला मनातल्या मनात तेलुगूच घोकत राहिली.

"मालक काय करतात?"

"चनिपोयारु."

"मराठीत सांगा हो. घाबरू नका."

वच्छलाचा हात सवयीने गळ्याशी गेला. तिथे काही नव्हतं. महिपत तिच्याशी जे काही बोलला होता, भांडला होता, ते सगळं याच भाषेत. जाताना, "पोरीले जप," हेही. मॅडमने तो हात पाहिला आणि आवाज खाली आणला.

"वारले का?"

"हाव. वारले."

"अरेरे. कधी?"

कधी, हे सासूने एकदाही विचारलं नव्हतं. त्याचं उत्तर बसवलेलंच नव्हतं. वच्छलाला तर त्याचा एकच दिवस ठाऊक होता.

"चार वर्षं झाले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी."

खिडकीखाली कोणीतरी खोकत होतं, ते मध्येच थांबलं.

मॅडमने पुढे फारसं विचारलं नाही. "काम तुम्हालाच मिळेल," ती म्हणाली. "तुमच्या गावातल्या लेकरांना मराठी बोलणारीच बाई हवी."

परतीच्या ऑटोत म्हातारी तोंड फिरवून बसली होती. दोन्हीकडे कापूस फुटला होता.

"आत्याबाई, काम मलेच भेटनार म्हने," वच्छला म्हणाली.

"आयकलं मी."

फाट्यावर उतरल्यावर वच्छला बाभळीखाली थांबली. पदर सारून तिने मान पुढे केली. रेणुकाबाई थांबली नाही. ती तशीच चालत गावकुसाच्या हापशापाशी गेली आणि नळाखाली लुगड्यासकट बसली. पदराची गाठ तशीच होती.

"आत्याबाई, डोरलं," वच्छला मागून येत म्हणाली.

"हापस."

"आपन तं निस्तं सांगाचं ठरवलं व्हतं ना."

"तं मंग दिवस काऊन सांगितला?"

वच्छलाने आजूबाजूला पाहिलं. दुपारची वेळ होती, पाण्याला कोणी आलेलं नव्हतं.

"हापस, बाई. मंग तू बस, मी हापसतो," रेणुकाबाई म्हणाली. ती रडत नव्हती. "आन पोरगी शाळेतून आली का तिच्याबी डोक्यावरून पानी घालू."

वच्छलाने दांडा धरला. पाणी वर यायला थोडा वेळ लागला.