किंचित कमी

रस्सा दुसऱ्यांदा गॅसवर चढवला तेव्हा मुलगी यायला अर्धा तास होता. पहिला खारट झाला होता. निम्मा रस ओतून टाकला, पाणी वाढवलं, आणखी दोन बटाटे चिरून घातले आणि उकळीची वाट बघत उभा राहिलो.

मी भांडीच्या भांडी कचऱ्यात ओततो, असं शेजारणीने तिला फोनवर सांगितलं होतं. मुलगी म्हणाली, रविवारी येते, तुमच्या हातचं जेवते. नाही जमलं तर घराला कुलूप लावायचं आणि माझ्याकडे चलायचं. तिच्याकडे मी काय करणार? दुकान इथे, गिऱ्हाइकं इथे. बायको गेली तीही याच घरातून.

मी वजनकाटे दुरुस्त करतो. स्वयंपाक कधी केला नाही. बायको पळी पुढे धरायची, "मीठ बघा." मी चाखून म्हणायचो, "किंचित कमी." ती चिमूट सोडायची, मी पुन्हा चाखायचो, "आता बरोबर." एकतीस वर्षं रोज. आमच्या घरचा काटा म्हणजे हेच, असं ती चारचौघांत सांगायची. आता तिच्याच चमच्याने मीठ घालतो, चाखतो, कमी वाटतं, आणखी घालतो. ताटात घेतल्यावर घास उतरत नाही.

मुलीने आल्या आल्या झाकण काढलं. काही बटाटे विरघळले होते, काही अख्खे होते.

"बाबा, यात बटाट्यांच्या दोन पिढ्या दिसतायत."

तिने रस्सा ढवळला, पळी भरून माझ्यापुढे धरली. चाखलं. तोंडातून गेलंच, "किंचित कमी."

तिचा हात मिठाच्या बरणीकडे गेला, पातेल्यावर फिरला. पुन्हा पळी पुढे आली.

"आता बरोबर," मी म्हणालो.

"बरणी बघा," ती म्हणाली.

बरणीचं झाकण घट्ट लावलेलं होतं.

"आई रोज असंच करायची. मला म्हणायची, सांगू नकोस, काट्याला वाईट वाटेल."

जेवताना तिने दोनदा वाढून घेतलं. कुलपाचा विषय निघाला नाही. संध्याकाळी ती एकटीच परत गेली.

दुसऱ्या दिवशी चमच्याने मापून मीठ घातलं आणि बरणी बंद केली. चाखलं. किंचित कमी. मग रिकामी चिमूट पातेल्यावर सोडली, ढवळलं, आणि भरलेली पळी हातात धरून थोडा वेळ तसाच उभा राहिलो.