आत्याला विसरू नकोस

बुटाची लेस. एकच. एबो गेला तेव्हा मागे राहिलेली, आता धुरानं पिवळी पडून माशांच्या टोपलीला बांधलेली... अराबा त्या गाठीकडे बघत होती आणि कानाशी धरलेल्या फोनमधून तिचा तेरा वर्षांचा लेक समुद्रापलीकडून कुजबुजत होता.

"आई, यापुढे फोनवर मी तुला आई म्हटलं नाही तर रागावू नकोस हं."

"का रे? मोठ्या फुटबॉल क्लबात गेलास म्हणून लाज वाटायला लागली आईची?" भट्टीवरचे मासे उलटता उलटता ती हसली.

"तसं नाही गं. अठराच्या आतल्या परदेशी पोरांना आईबाप इथं नसले तर क्लबात घेतच नाहीत. म्हणून क्वान्साकाका माझे बाबा झालेत."

"आणि मी कोण?"

तो घाईघाईनं जेवणाचं काहीतरी सांगू लागला.

"एबो, मी कोण?"

"आई वारली, असं सांगितलंय त्यांनी."

हातातला मासा निखाऱ्यांत पडला. वारले? कधी? — मी मेले तेव्हा काय करत होते, मीठ लावत होते, की बाजारात कुणाशी माशांच्या भावावरून भांडत होते... आणि मला कुणी सांगितलंही नाही! खेळणारी पोरं हेरत फिरणारा हा क्वान्सा जिनची बाटली घेऊन आला, माझ्या थोरल्या भावानं पूर्वजांसाठी जमिनीवर चार थेंब सांडले, 'जा घेऊन, घडव त्याला' म्हणाला — भाच्याचं मामानं ठरवायचं, त्यात वावगं काय होतं? आमच्या सेकोंडी शहरातली निम्मी पोरं दुसऱ्याच्या घरी वाढतात, मी स्वतः मावशीकडे वाढले, आणि त्यासाठी माझ्या आईला कुणी मारून टाकलं नव्हतं. पोर वाढवायला दिलं होतं रे, देऊन टाकलं नव्हतं! पोरांना कुणी उचलून नेऊ नये म्हणून केलेला नियम, त्यात आडवी येत होते मी — जिवंत आई — म्हणून मला पुरून मोकळा झाला मेला. शिवाय आमच्यात कूळ येतं ते आईकडून. तीच नाही म्हटल्यावर हा मुलगा कुणाचा?

"त्याला फोन दे. आत्ता दे. तू घरी ये."

"आई, ओरडू नकोस ना. पासपोर्ट त्यांच्याकडे आहे. खरं कळलं तर मला काढतील इथून. परवा मी दोन गोल केले गं..."

पलीकडे दार वाजलं. क्वान्साचं ते ओळखीचं खाकरणं. आणि एबोचा आवाज एकदम मोठा, हसरा, परका झाला. "हो आत्या! जेवलो आत्या!"

आत्या. म्हणजे बापाच्या कुळातली, दुसऱ्या घरची. तिनं छातीभर श्वास घेतला — आता असं ओरडायचं की तिथल्या भिंतींनाही कळावं — आणि तिला तिचाच आवाज ऐकू आला, मऊ, समजूतदार:

"बरं बाळा. नीट जेवत जा. आत्याला विसरू नकोस."

फोन बंद झाला. मासा जळून त्याचा वास सुटला होता. शेजारच्या भट्टीवरून मन्साबाईनं हाक मारली, "काय गं अराबा, काय म्हणतोय लेक?"

"कुणाचा?" अराबानं विचारलं.

विचारून गेली, आणि मग तिनं टोपलीवरची लेसची गाठ मुठीत धरली... किती सहज आलं ते तोंडात. मन्साबाई हसत होती, थट्टाच समजली ती.