नावापुढचा क्रूस

मी बोलतोय, शिशाचा क्रूस. चर्चच्या वेदीवरचा मोठा क्रूस नव्हे आणि गळ्यातल्या साखळीतला सोन्याचा तर मुळीच नव्हे. मी छापखान्यातला एक खिळा, म्हणजे छपाईचा शिशाचा ठसा. उंची बोटाच्या पेराएवढी, चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा. लग्नपत्रिकेवर वधूवरांच्या आईवडिलांची नावं छापतात, त्यांतलं कुणी वारलेलं असलं की त्या नावापुढे मला उभं करतात. जन्मभर मी एवढंच काम केलं. हसत-खिदळत छापखान्यात शिरलेली माणसं माझी पाळी आली की आवाज खाली आणायची, त्यामुळे मी कुणाचा लाडका कधी झालो नाही.

माझा जन्म मेक्सिको शहरातल्या खिळ्यांच्या कारखान्यात झाला. वितळलेलं शिसं साच्यात पडलं आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच मी गार होऊन बाहेर आलो. माझ्यासोबत आणखी अकरा भाऊ होते. अक्षरं ओंजळी-ओंजळींनी ओतायची आणि क्रूस मात्र मोजून बारा, अशी तिथली रीत होती. एका पानावर याहून जास्त माणसं मरत नाहीत, असा कारखानदाराचा अंदाज असावा.

आम्हाला विकत घेतलं निकानोर उस्तादांनी. कोआतेपेक गावी चर्चमागच्या गल्लीत त्यांचा छापखाना होता. समोरच कॉफी भाजायची भट्टी, त्यामुळे आमच्या शाईलाही कॉफीचा वास यायचा. उस्ताद लग्नपत्रिकांसाठी नावाजलेले. बाजारात मिळणाऱ्या तयार पत्रिकांना ते हातही लावत नसत. लग्न ठरलेली जोडी आली की तिला बाकावर बसवायचे आणि मुलीला सांगायचे, घरातला आईच्या हातचा भरतकामाचा टेबलक्लॉथ घेऊन ये. त्या भरतकामातली नक्षी ते रबराच्या पट्टीवर कोरायचे आणि तीच पत्रिकेची किनार व्हायची. त्यामुळे गावातल्या दोन घरांच्या पत्रिका कधी सारख्या झाल्या नाहीत.

माझ्याबाबतीत त्यांची एक सवय होती. मला खान्यातून उचलायचे, एप्रनला पुसायचे आणि जुळवण्याआधी त्या वारलेल्या माणसाचं नाव एकदा मोठ्याने घ्यायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "लग्नाला बोलावतोय त्याला, तर हाक नको का मारायला?" मला ते फार आवडायचं. लोक मला मरणाची खूण समजतात. पण नीट बघितलं तर मेलेल्या माणसाचं नाव आनंदाच्या कागदावर ठेवायची परवानगी मीच देत होतो. देवावर विश्वास म्हणजे काय हे मला शिशाच्या गोळ्याला काय कळणार, पण उस्तादांच्या त्या हाकेत तो असावा असं वाटायचं.

पुढे काळ बदलला. त्याबद्दल कुरकुर करायला मी काही चर्चचा घंटावाला नाही, तरी जे पाहिलं ते सांगतो. चर्चमधल्या प्रार्थनेची, मिस्साची, वेळ बारीक अक्षरांत गेली आणि नाचगाण्याची वेळ ठळक अक्षरांत आली. पुढे पत्रिकाच फोनवर जायला लागली, बोटाने सरकवली की संपली. छापून घेणाऱ्यांनाही मी नकोसा झालो. "उस्ताद, इथे फुलपाखरू टाका ना, क्रूस पाहिला की मूड जातो," असं एक मुलगी म्हणाली होती. तिच्या बापाला जाऊन दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. उस्तादांनी फुलपाखरू टाकलं, पण नाव घ्यायचं काही सोडलं नाही.

माझे भाऊ एकेक करून गेले. एक फरशीच्या फटीत पडला, एक यंत्राच्या जबड्यात चिरडला, बाकीच्यांचे चेहरे झिजून सपाट झाले. शेवटी मी एकटाच उरलो. पत्रिकेत दोन मेलेले असले की सगळे कागद यंत्रातून दोनदा काढावे लागत, कारण मी एका वेळी एकाच नावापुढे उभा राहू शकत होतो.

अशात येसेनिया आली. वय तेवीस, बोलणं चटपटीत, डोळे मात्र थकलेले. तिचं लग्न जवळच्या जलापा शहरातल्या एका बऱ्या घरात ठरलं होतं. टेबलक्लॉथ तिने आणला होता, त्यावर कॉफीच्या फुलांची नक्षी होती. तिने नावं लिहून दिली आणि बापाच्या नावापुढे स्वतःच्या हाताने क्रूस काढला. फिदेन्सिओ आर्सिला. उस्तादांनी कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

फिदेन्सिओ कोण हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. सात वर्षांपूर्वी तो ट्रकमध्ये कॉफीची पोती भरून बंदराकडे निघाला. ट्रक महामार्गालगत सापडला, दार उघडं, पोती जागच्या जागी. माणूस मात्र नव्हता. आमच्या भागात त्या वर्षांत अशी कितीतरी माणसं गेली. ती मेली असं कुणी म्हणत नाही आणि जिवंत आहेत असंही कुणी म्हणत नाही. त्यांना फक्त 'नाहीशी झालेली' म्हणतात.

त्याची बायको ओफेलिया दर शनिवारी इतर बायकांबरोबर रानात जायची. खांद्यावर लोखंडी सळई. माती भुसभुशीत दिसली की सळई हातोड्याने खोल ठोकायची, उपसून काढायची आणि टोकाचा वास घ्यायचा. खाली माणूस पुरलेला असेल तर टोकाला वास येतो. आठवडाभर ती शिवणकाम करायची, रविवारी मिस्साला जायची आणि नवऱ्याच्या सुखरूप परतीसाठी मेणबत्ती लावायची. काळे कपडे तिने एक दिवसही घातले नव्हते.

हे सगळं ठाऊक असूनही उस्तादांनी मला उचललं, पुसलं, फिदेन्सिओचं नाव घेतलं आणि त्याच्यापुढे उभं केलं. म्हातारा माणूस, पन्नास वर्षांची सवय. नवरीने सांगितलं ते छापायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. चूक त्यांची होती आणि पुढे ती त्यांनी कधी नाकारली नाही.

आमच्याकडे प्रूफ बघायला नवरीची आई येते. ओफेलियाने चष्मा लावला, किनारीवरून बोट फिरवलं आणि हसली. मग बोट नावावर आलं. ते क्रुसावर थांबलं.

"ह्याला कुणी मारलं, उस्ताद?" तिने विचारलं.

 तेवढ्यात येसेनिया आत आली. आईच्या हातातला कागद पाहून ती जे समजायचं ते समजली.

"मीच सांगितलं त्यांना," ती म्हणाली. "सासरचे विचारतात, वडील कुठे आहेत? काय सांगू मी? त्यांची ती मावशी माझ्या तोंडावर म्हणाली, तिकडे पुएब्ला शहरात दुसरं घर केलं असेल त्याने. सगळं गाव पाठीमागे तेच बोलतं, आई. क्रूस असला तर निदान माणूस आपला तरी राहील."

"म्हणजे खोटा मेलेला चालेल तुला, पळालेला नको."

"हो, नको. मी त्या घरात जन्म काढणार आहे."

ओफेलियाने तिला सांगितलं की तिच्याबरोबर रानात येणाऱ्या एका बाईने मुलाच्या आत्म्याच्या शांतीसाठी मिस्सा वाचून घेतली, तर नाहीशा माणसांचा शोध घेणाऱ्या सरकारी कचेरीतला कारकून तिला म्हणाला, तुम्हीच मेला म्हणताय, मग आम्ही शोधायचं कशाला? फाइल तिथेच बंद झाली. उद्या ही पत्रिका कुणी त्या टेबलावर टाकली तर फिदेन्सिओलाही तसंच मिटवून टाकतील.

येसेनियाचा आवाज चढला. "सात वर्षं तू मातीत सळई खुपसून वास घेतेस आणि मला सांगतेस तो जिवंत आहे. मग शनिवारी कुणाला शोधायला जातेस?"

मला त्या क्षणी वितळून जावंसं वाटलं. ओफेलिया बाकावर बसली. हात मांडीवर ठेवून म्हणाली, "माझ्या हाताला लागत नाही तोवर त्याला मारायचा हक्क मला नाही. तुलाही नाही, पोरी."

उस्तादांनी मग खिळे जुळवणाऱ्यांची, जुळाऱ्यांची, जुनी युक्ती केली. अक्षर हाताशी नसलं किंवा काय घालायचं ते ठरलं नसलं, की जुळारी तिथे कुठलाही खिळा डोकं खाली, पाय वर करून बसवतो. प्रूफमध्ये त्या जागी खिळ्याच्या पायांच्या दोन काळ्या रेघा उमटतात. इथलं काम राहिलंय, असा त्याचा अर्थ. त्यांनी मला उपसून उलटं बसवलं. म्हणाले, "सोमवारपर्यंत घरी ठरवा. तुम्ही दोघी जे सांगाल ते मी करीन."

सोमवारी येसेनिया एकटी आली. मायलेकींचं बोलणं बंद होतं. लग्न तीन आठवड्यांवर आलेलं. काउंटरवर न टेकताच ती म्हणाली, "काय छापायचं ते छापा, मला आता सोसत नाही," आणि निघून गेली. उस्तादांना एकीचं ऐकून दुसरीला दुखवण्याचं धाडस झालं नाही. त्यांनी मला होतो तसंच राहू दिलं. माझं तोंड लोखंडावर दाबलेलं, पायांना शाई, आणि एकशे ऐंशी पत्रिकांवर फिदेन्सिओच्या नावापुढे दोन आखूड काळ्या रेघा उमटल्या.

यातून सगळं गोड झालं असं सांगायला मला आवडलं असतं. पाहुण्यांना तो छपाईतला डाग वाटला. सासूने कपाळाला आठ्या घातल्या. येसेनियाला वाटलं, म्हाताऱ्याने आईची बाजू घेतली. लग्नात तिने उस्तादांना ओळखही दाखवली नाही. लग्नाच्या जेवणातलं मोले, मिरच्यांचा तो दाट रस्सा, वाढलं जात होतं तेव्हा त्या मावशीने पुन्हा वडिलांचा विषय काढला, आणि येसेनिया सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मेलेत माझे वडील. झालं समाधान?" ओफेलिया शेजारच्याच टेबलाशी बसली होती. ती उठली नाही, रडली नाही, ताटातलं सगळं संपवून घरी गेली. उस्तादांनी हे छापखान्यात येणाऱ्या जाणाऱ्याला सांगितलं, आणि दर वेळी शेवटी म्हणाले, मी आधीच विचारायला हवं होतं.

येसेनिया नवऱ्याबरोबर मोन्तेरेला गेली. रविवारी आईला फोन करते म्हणे. हवापाण्याचं बोलतात.

त्यानंतर चार वर्षांनी छापखाना बंद झाला. उस्तादांचे डोळे गेले होते. पायाने चालवायचं छपाईचं ट्रेडल यंत्र एका हॉटेलवाल्याने शोभेसाठी नेलं आणि खिळे भंगारात काढले. आम्हाला पोत्यात भरायला सुरुवात झाली त्या दुपारी ओफेलिया आली. केस पांढरे झालेले, अंगावर तरीही काळा कपडा नव्हता.

"तो क्रूस द्या मला, उस्ताद."

उस्तादांनी चाचपत मला शोधून काढलं. कशाला हवा, असं विचारलं.

"पूर्वी सळईला वास आला नाही की मला हायसं वाटायचं. आता वास आला नाही की तिथेच खाली बसावंसं वाटतं. अकरा वर्षं झाली. आता नुसता मिळू दे म्हणते मी देवाला, कसाही मिळू दे. हा एकदा त्याच्याबद्दल खोटं बोललाय. खरं बोलायची वेळ येईल तेव्हा ह्यालाच बोलू दे."

"पण यंत्र कुठे राहिलंय आता?"

"लागतं का यंत्र?"

 उस्तादांनी तिचा अंगठा धरून माझ्या पाठीवर ठेवला आणि कागदावर दाबून दाखवला. थोडी शाई आणि एवढा जोर, बस्स, म्हणाले. यावेळी त्यांनी कुणाचंही नाव घेतलं नाही.

आता मी ओफेलियाच्या पिशवीत असतो, रुमालाच्या गाठीत. शेजारी पाण्याची बाटली, केळीच्या पानात गुंडाळून वाफवलेले मक्याच्या पिठाचे दोन तमाल आणि फिदेन्सिओचा फोटो. दर शनिवारी रानात जातो. सळई आत जाते, वर येते, ती टोक नाकाशी नेते, मान हलवते आणि चार पावलं पुढे सरकते. माझा चेहरा बराच झिजलाय. फार छपाया होणार नाहीत माझ्याकडून, पण एक नक्की होईल.

मी कधी कुणाच्या मरणाची वाट पाहिली नव्हती. आता पाहतो, आणि त्याची मला लाज वाटत नाही. तुम्हा ऐकणाऱ्यांकडे एवढंच मागणं आहे. तो नाहीसा झाला त्या वर्षीच्या फेब्रुवारीत महामार्गालगतच्या कुठल्या उसाच्या फडात, कुठल्या ओढ्याकाठी, तुम्ही नवी उकरलेली माती पाहिली असेल आणि जिवाच्या भीतीने आजवर गप्प राहिला असाल, तर तिला सांगा. फिदेन्सिओ आर्सिला, उंच, डाव्या हाताची करंगळी वाकडी, अंगात निळा सदरा. चिठ्ठी लिहून दारातून सरकवलीत तरी चालेल. कुणी केलं हे ती विचारणार नाही. कुठे, एवढंच विचारील.