राखणदाराची आई

डोंगरमाथ्यावरचं ते कुरण राखणदाराने अंगावरचा लोकरी झगा काढून हवेत फिरवला की उघडायचं, त्याआधी नाही. तोवर खालच्या वाळवंटातून चालत आलेली सगळी बिऱ्हाडं दगडांच्या रांगेअलीकडे काळे तंबू ठोकून बसायची. समोर गुडघाभर हिरवं गवत आणि अलीकडे वाटचालीने खंगलेल्या, उपाशी शेळ्यामेंढ्या. माणसाची नियत कळायला याहून चांगली जागा नाही.

यंदा राखणदार होता तुदाचा मुलगा बास्सू. जमातीच्या सभेने त्याला एकमताने निवडलं, आणि का निवडलं हे तुदाला पक्कं ठाऊक होतं. पोरगा म्हणजे गरीब गाय. कोणी मूठभर मीठ मागितलं तर पिशवीच देऊन मोकळा होणारा. दा हद्दूला असाच राखणदार हवा होता. हद्दूचा कळप सगळ्यांत मोठा. वयाने मोठा म्हणून सगळे त्याला ‘दा’ म्हणत, आणि कळपाने मोठा म्हणून बाकी काहीच म्हणत नसत. दर वर्षी पहाटे त्याच्या मेंढ्या ‘चुकून’ दगडांपलीकडे जायच्या आणि राखणदार नेमका तेव्हाच चहाला बसलेला असायचा. मग बाकीचेही आपापले कळप सोडायचे आणि त्या झुंबडीत गवत खाण्यापेक्षा तुडवलंच जास्त जायचं. गेल्या वर्षी अर्ध्या उन्हाळ्यातच गवत संपलं. ऐन उन्हात खाली उतरावं लागलं आणि तुदाची बहुतेक कोकरं-करडं वाटेतच मेली. यंदा तसंच झालं असतं तर तिचा कळप उरला नसता, आणि लोकांनी बोल लावला असता तो बास्सूला.

कुरण उघडायच्या आदल्या संध्याकाळी दा हद्दू तिच्या तंबूत चहाला आला.

“तुदा, पोराला समजाव बाई,” पेला पुढे करत तो म्हणाला. “राखणदाराने डोळे उघडे ठेवावेत, पण फार ताणू नयेत. दुखतात मग.”

“माझ्या पोराचे डोळे उत्तम आहेत, दा हद्दू. तुम्ही तुमचे पाय सांभाळा. या वयात भलतीकडे वळतात.”

चहाला जमलेली माणसं हसली. बास्सूने मात्र मान खाली घालून म्हाताऱ्याचा पेला पुन्हा भरला. तुदाच्या अंगाचा तिळपापड झाला.

“मूग गिळून बसला होतास का रे?” पाहुणे गेल्यावर ती कडाडली.

“बोलून काय होतं, यम्मा? उद्या बघतीलच की.”

“काय बघतील? तू चहा किती छान ओततोस ते?”

तो नुसता हसला आणि पहाऱ्याला वरच्या सुळक्यावर निघून गेला.

तुदाने विचार केला. वेळेआधी कळप घुसवल्याचा पहिला दंड बास्सूने हद्दूला केला, तर त्याची मुलं काठ्या घेऊन उठणार. कालचं पोर आम्हाला शिकवतं म्हणणार. मग म्हातारे मध्ये पडणार, वाद चिघळणार आणि तोवर गवत फस्त होणार. पण पहिला दंड अशा घराला झाला, की त्यात आकस होता असं कोणाला म्हणताच येणार नाही, तर? एकदा मनात घेतलं की तुदा मागेपुढे बघणारी नव्हती.

फटफटताच तिने कळपाच्या पुढारी शेळीची दोरी सोडली आणि तिच्या पाठीवर एक थाप मारली. शेळी थेट गवतात घुसली, मागोमाग सगळा कळप.

“अगं बाई, सुटल्या गं सुटल्या!” तुदा गळा काढून ओरडली.

शेजारची फादमा धावत बाहेर आली. सगळा तळ जागा झाला. हद्दूच्या मेंढ्या आणि मुलं आधीच दगडांपाशी येऊन उभी होती, तीही थबकली. सुळक्यावरून बास्सू खाली येत होता. सावकाश, जराही घाई न करता. त्याने कळप हाकत परत आणला आणि आईच्या तंबूसमोर उभा राहिला.

“हा कळप कोणाचा?”

“डोळे फुटले का मेल्या? तुझ्या आईचा!”

लोक खो खो हसले. बास्सू हसला नाही.

“मग दंड आईला. एक जनावर, राखणदार निवडेल ते. आज सगळा तळ तेच जेवेल.”

तुदाला आतून असा आनंद झाला की काय सांगावं! पण सोंग आणलं होतं ते निभवायला हवं होतं. “नऊ महिने पोटात वाढवला, त्याचे हे पांग फेडलेस?” म्हणत तिने ऊर बडवला आणि हळूच आटलेली लंगडी शेळी पायाने पुढे ढकलली.

बास्सूने त्या शेळीकडे बघितलंसुद्धा नाही. तो कळपात शिरला आणि त्याने पांढऱ्या मेंढ्याचं शिंग धरलं. गेल्या उन्हाळ्यात जगलेलं ते एकच कोकरू. तुदाने त्याला बोटाने दूध चाटवून वाढवलं होतं, आणि अजूनही ते तिच्या दाराशीच झोपायचं.

“तो नको रे,” ती म्हणाली. आता सोंग नव्हतं. “हवं तर दोन शेळ्या ने, बास्सू. तो नको.”

“राखणदार निवडेल ते, यम्मा.”

तुदाने मेंढ्याच्या मानेवरून हात फिरवला आणि त्याची दोरी मुलाच्या हातात दिली. तिला रडू आवरेना.

तेवढ्यात मागून शीळ ऐकू आली. दा हद्दू आपल्या मेंढ्या मागे बोलावत होता. थोरला मुलगा कुरकुरला, तसा तो खेकसला, “मागे घे म्हटलं ना! ज्याने आईला सोडलं नाही तो तुला सोडेल होय रे?”

ऊन सुळक्यावर आलं तेव्हा बास्सूने झगा फिरवला आणि सगळा तळ एकदमच वर चढला. कोणी कोणाच्या पुढे गेलं नाही. दुपारी कुरणात मोठा जाळ पेटला आणि बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं गोल करून जेवायला बसली. तुदा मात्र आपलं ताट घेऊन सगळ्यांकडे पाठ करून बसली होती. बास्सू शेजारी येऊन टेकला.

“बोलू नकोस माझ्याशी,” ती म्हणाली.

“लंगडी घेतली असती, तर उद्या दा हद्दूनेही लंगडीच पुढे केली असती.” त्याने भाकरी मोडली आणि आवाज खाली आणला. “आणि शेळीला दोरीची गाठ सोडता येत नाही, यम्मा. येत असती तर सभेने तिलाच राखणदार केलं असतं.”

तुदाचा घास हातातच राहिला. “बघितलंस तू?”

“सुळक्यावरून सगळं दिसतं.”

“आणि तरी माझा मेंढा घेतलास?”

“म्हणून तर घेतला. पुढच्या वर्षी सोडल्यास, तर दोन घेईन.”

तुदाने ताटातला सगळ्यात मोठा तुकडा उचलून त्याच्या भाकरीवर ठेवला आणि पदराने डोळे पुसले.

“खा मुकाट्याने,” ती म्हणाली. “माझ्याच्याने खाववणार नाही.”