अकरा बिंदू

इर्शाद मुलाणींनी सारवलेल्या अंगणात खडे मांडले. वरून खाली येणारी एक ओळ, मध्येच उजवीकडे वळून वर चढणारे अकरा खडे, आणि तिथून पुन्हा खाली जाणारी ओळ. सीतारामआबा उंबऱ्यावर बसून पाहत होते. आतून चिमाबाईंनी विचारले की सरांनी आज शाळा हितंच भरवलीय की काय.

"ही तुमची सांबरनाळ, आबा," इर्शाद म्हणाले. "आणि हा मोठा कातळ."

आबांनी मान हलवली. कातळाच्या जागी ठेवलेला बत्त्याचा तुकडा त्यांनी बोटाने दोन इंच डावीकडे सरकवला. "हितं पाहिजे," एवढेच म्हणाले.

सांबरनाळ ही आंदर मावळाच्या पश्चिम कड्यावरून कोकणात उतरणारी एक अरुंद, दगडगोट्यांनी भरलेली घळ. वाडीतली माणसे पूर्वी या वाटेने तांदूळ घेऊन खाली जात. आता तिथून फक्त शहरातले लोक जातात, पाठीवर पिशव्या अडकवून, सुट्टीच्या दिवशी. इर्शाद त्यांच्यापैकीच. वय एक्कावन्न, लोणावळ्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचे शिक्षक. डोंगर फिरणाऱ्यांच्या एका मंडळासाठी ते रविवारी वाटांची नोंद करत. कमरेला यंत्र लावायचे आणि चालायचे. यंत्र दर दहा सेकंदांनी एक बिंदू टिपत असे. बिंदू जोडले की वाट तयार होई. मंडळाच्या संकेतस्थळावरून ती कोणीही आपल्या फोनमध्ये उतरवून घेई आणि पडद्यावरच्या निळ्या रेषेमागोमाग चालत जाई. अशा नऊ वाटा त्यांनी नोंदवल्या होत्या. सांबरनाळ नववी. दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत ते आबांच्या मागोमाग ती उतरले होते.

कड्यांच्या बेचक्यात उपग्रहाचे संदेश खडकांवर आपटून परततात आणि बिंदू भरकटतात. ही गोष्ट खरी आहे आणि मोजून सिद्ध करता येते. म्हणून इर्शादांनी नियम ठरवला होता: वाट उतरणीची असेल, तर उंची वाढलेली दाखवणारा बिंदू चूक समजून वगळावा. आठ वाटांना हा नियम नीट लागू पडला. नवव्या वाटेची नोंद त्यांनी चालून आल्यावर तीन महिन्यांनी, उन्हाळी सुट्टीत, बाकीच्यांबरोबर एकाच बैठकीत साफ केली. अकरा बिंदू गेले. त्यांच्या आधीचा आणि नंतरचा बिंदू सरळ रेषेने जोडला गेला. रेषेची लांबी बावीस मीटर. त्या बावीस मीटरांत साठ फुटांचा कडा होता.

गेल्या डिसेंबरात दुसऱ्या रविवारी प्रेरणा ओव्हाळ ही पंचवीस वर्षांची मुलगी तिथून पडली. बरोबर कचेरीतली एक मैत्रीण होती. तिने पोलिसांना जबाब दिला की गावातल्या एका म्हाताऱ्या माणसाने वाट सांगितली होती. फोनचा उल्लेख त्या जबाबात नव्हता. तिला कोणी विचारलेही नव्हते. मंडळाने तीन जणांची समिती नेमली. अहवालाचा मसुदा इर्शादांनी लिहिला, कारण तिघांत त्यांची भाषा बरी होती. त्यात एक वाक्य होते: स्थानिकांनी दिलेल्या अपुऱ्या माहितीमुळे ही दुर्घटना घडली असावी. सगळ्यांनी त्याखाली सह्या केल्या.

मार्चमध्ये त्यांनी मूळ नोंद उघडली. अकरावीच्या मुलांना त्रुटी ओळखण्याचा सराव द्यायचा होता आणि त्यासाठी खराब आकडे हवे होते. वगळलेले ते अकरा बिंदू त्यांनी फळ्यावर काढायला घेतले आणि सातव्या बिंदूपाशी थांबले. त्रुटी विखुरलेली असते. हे बिंदू विखुरलेले नव्हते. ते समान अंतराने, एकाच दिशेने वर जात होते. चढणाऱ्या माणसाच्या चालीने.

इर्शाद विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगत की चुकीचे वाटणारे निरीक्षण खोडरबराने पुसायचे नाही. त्यावर एकच आडवी रेघ मारायची, म्हणजे खालचा आकडा वाचता येतो. एकवीस वर्षे त्यांनी हे सांगितले होते. त्या दिवशी त्यांनी उरलेले चार बिंदू फळ्यावर काढले, तास संपवला आणि घरी जाऊन संकेतस्थळावरची रेषा दुरुस्त केली. ही वाट फोनमध्ये उतरवून घेणाऱ्यांच्या यादीत, अपघाताच्या आदल्या दिवशी, प्रेरणाचे नाव होते. दुरुस्तीचे कारण लिहायची चौकट होती. तिच्यात त्यांनी 'किरकोळ सुधारणा' असे लिहिले. मग ते जेवले. झोपही नेहमीइतकी लागली, याची त्यांनी नोंद घेतली. बायकोला, गुलनाजला, त्यांनी आठवड्याने सांगितले. ती म्हणाली, सांगून ती मुलगी परत येणार आहे का. मग थोड्या वेळाने तिनेच विचारले की त्या म्हाताऱ्याचे काय झाले. ते त्यांना माहीत नव्हते.

त्यानंतर दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी ते कान्हे फाट्यावरून टाकव्याला आले आणि तिथून धरणाच्या कडेने वाडीपर्यंत.

आता त्यांनी अंगणातले अकरा खडे उचलून मुठीत घेतले. ओळीत मोकळी जागा राहिली.

"मी हे काढून टाकले, आबा. यंत्राची चूक समजून. त्यामुळे फोनमधली वाट कातळावरून सरळ खाली गेली. ती मुलगी फोन बघून गेली. तुम्ही सांगितलेलं चुकलं नव्हतं."

आबा मोकळ्या जागेकडे पाहत राहिले. चिमाबाई दारात आल्या होत्या. त्यांनी सांगितले ते असे की डिसेंबरपासून हा माणूस कुणाला वाट सांगत नाही. शहरातली पोरे आली की घरात जाऊन बसतो. कुणी हाक मारली तर आतून म्हणतो, मला ठाव न्हाई. मागच्या महिन्यात शेजारच्या वाडीतल्या पाहुण्याने नुसता एसटीचा थांबा विचारला, तर त्यालाही मला ठाव न्हाई.

"आदी बोलून बोलून जीव खायचा," त्या म्हणाल्या, "आन् आता न बोलता खातोय."

आबांना हे ऐकू आल्याचे दिसले नाही. "तिच्या फोनात वाट व्हती?" त्यांनी विचारले.

"होती."

"मंग तिनं मला इचारलंच कशाला?"

दोन स्रोत एकमेकांशी जुळतात का हे माणूस पाहतो, आणि न जुळल्यास ज्याच्यावर त्याचा अधिक विश्वास असतो त्याचे मानतो. असे काहीतरी इर्शादांना सांगता आले असते.

"मी चार म्हैने झोपलो न्हाई," आबा म्हणाले. आवाज तक्रारीचा नव्हता. पाऊस किती झाला ते सांगावे तसा होता. "वाटायचं, डावीकडं म्हणलो का काय. तोंड चुकलं का काय. रोज मनात पुन्यांदा सांगून बघायचो. दर टायमाला बरूबरच सांगायचो. तरी वाटायचं, त्या दिशी चुकलं आसंल."

इर्शाद म्हणाले की ते मंडळाला लिहून कळवणार आहेत, अहवाल मागे घ्यायला लावणार आहेत. आबांनी हात हलवून ते बाजूला सारले.

"आज म्हैन्याचा पैला रविवार. तिचा बाप येतो. सोमाटण्यावरनं, मोटरसायकलवर. जानेवारीपासून येतो. मी त्यास्नी नाळंच्या तोंडापातुर नेतो. घटकाभर बसत्यात, उठत्यात. बोलत न्हाईत. फेब्रुवारीत येकदाच बोलले. म्हणले, आबा, तुमच्यावर माझा राग न्हाई, माणसाकडनं व्हतं. मी व्हय म्हणलो. काय म्हणणार? आता त्यांनी मला माफ केलंय, सर. त्या माफीचं काय करायचं ते तुमीच सांगा त्यास्नी. माझ्या तोंडानं न्हाई."

हे इर्शादांच्या योजनेत नव्हते. आबांना सांगायचे, मंडळाला पत्र पाठवायचे, मुलीच्या घरच्यांना मंडळामार्फत कळेल. असा क्रम त्यांनी ठरवला होता. चिमाबाईंनी चहा दिला. चहा संपायच्या आत मोटरसायकलचा आवाज आला.

बाजीराव ओव्हाळ साठीचे, उंच, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद केलेले. आंबीतल्या एका कारखान्यात ते अठ्ठावीस वर्षे तयार मालाची तपासणी करत होते. आबांनी दोघांची ओळख करून दिली आणि ते उंबऱ्यावर बसले. इर्शाद उभे राहिले. मग त्यांनी खडे पुन्हा मांडले, अकराही, पुन्हा उचलले, आणि सगळे पहिल्यापासून सांगितले. मध्ये कुठेही आवाज बदलला नाही. वर्गात प्रयोगाची कृती सांगताना तो असाच असे.

बाजीरावांनी शेवटपर्यंत ऐकले. मग ते गुडघ्यांवर हात ठेवून खाली बसले आणि त्यांनी ओळीतली मोकळी जागा न्याहाळली.

"निकष काय होता?"

"उतरणीत वर जाणारा बिंदू चूक समजायचा."

"कुणी ठरवला?"

"मी."

"तपासणी?"

"कोणी केली नाही."

"तुम्ही स्वतः चालला होतात ना या वाटेनं?"

"हो. आबांच्या मागून."

"म्हणजे तुमचे पाय तिथं चढले असतील."

"चढले."

"मग ते कसं नाही आठवलं?"

"आठवून पाहिलं नाही," इर्शाद म्हणाले. "आकडे समोर होते."

बाजीरावांनी हळूहळू मान हलवली. हे उत्तर ओळखीचे असावे. त्यांनी सांगितले की त्यांच्या कारखान्यात नापास माल फेकून देत नसत. लाल डब्यात ठेवत, चिठ्ठीवर कारण लिहीत, आणि महिन्याच्या शेवटी कोणीतरी तो डबा पुन्हा उघडून पाही. अठ्ठावीस वर्षांत त्या डब्यातून एकदाच चांगला माल निघाला होता. माप घ्यायचे गेज बिघडले होते. कोंबडी ओळीतून चालत गेली आणि दोन खडे हलले. कोणी ते सरळ केले नाहीत.

"तुम्हाला कधी कळलं?" बाजीरावांनी विचारले.

"मार्चच्या तेरा तारखेला."

"आज पाच एप्रिल आहे."

"हो."

ओरडणे होईल, किंवा हात उचलला जाईल, असे इर्शादांनी येण्यापूर्वी गृहीत धरले होते; आबांकडून नाही, पण मुलीच्या घरच्यांकडून, कधीतरी. तसे काही झाले नाही. स्वतःच्या छातीत काय होते आहे याकडे त्यांनी लक्ष दिले. काही होत नव्हते. उन्हामुळे मान भाजत होती, तेवढेच जाणवले.

"लिहून द्या," बाजीराव म्हणाले.

चिमाबाईंनी नातीच्या वहीतला कागद फाडून आणला. इर्शादांनी मोटरसायकलच्या सीटवर तो ठेवून लिहिले. तारीख, वाटेचे नाव, नियम, वगळलेल्या बिंदूंची संख्या, परिणाम. शेवटी लिहिले की श्री. सीताराम यांनी सांगितलेली वाट बरोबर होती, आणि समितीच्या अहवालातले त्यांच्याविषयीचे विधान आपण लिहिले असून ते खोटे आहे. 'चुकीचे' हा शब्द आधी सुचला होता. सही करून कागद पुढे केला. बाजीरावांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, खिशातले पेन काढले, सहीच्या खाली 'वाचले' असे लिहून आपलीही सही केली.

कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला नाही. आबांच्या हातात दिला. "हा तुमच्याकडे राहू द्या. कुणी काही म्हणालं तर दाखवा."

आबांना वाचता येत नव्हते. त्यांनी कागद उलटा-सुलटा पाहिला आणि मांडीवर ठेवून त्यावर तळहात ठेवला. चिमाबाई पदर तोंडाशी घेऊन आत निघून गेल्या. आत भांडे ठेवल्याचा आवाज झाला.

इर्शाद निघायला हवे म्हणून वळले, पण निघण्याचे कारण सांगता येईना, म्हणून ते भिंतीपाशी उभे राहिले. त्यांना कोणी बस म्हटले नाही, जा असेही म्हटले नाही.

"आबा," बाजीराव म्हणाले, "तुम्ही तिला काय सांगितलं होतं ते मी कधी विचारलंच नाही."

"न्हाई इचारलं."

"आता सांगा. तिला सांगितलं तसंच."

चार महिन्यांत हे आबांनी कोणालाही सांगितले नव्हते. सुरुवात होईना. मग त्यांनी हात वर करून पश्चिमेकडे दाखवला आणि बाजीरावही तिकडे वळून उभे राहिले.

"वाडीच्या मागनं निघायचं, ताई. टाक्यापासनं उजवीकडं. पठार संपलं की नाळंचं तोंड लागंल. तितनं दगडांवरनं बेतानं खाली. निम्म्यावर मोठा कातळ येईल. त्याच्या फुडं सरळ, गुळगुळीत वाट दिसंल. ती वाट न्हाई. पाण्याची घसरण हाय, खाली कडा हाय. तितं थांबायचं. उजव्या हाताला वळायचं आन् वर चढायचं. उतराया आलो आन् चढतोय कशाला, आसं वाटंल. तरी चढायचं. चाळीस पावलं."

"चाळीस तुमची?" बाजीरावांनी विचारले.

"माझी. तिनं बी ह्येच इचारलं व्हतं." आबांनी हात खाली घेतला. "तिला तीस सांगितली व्हती. पोरीची ढांग लांब व्हती."

"हो," बाजीराव म्हणाले. "लांब होती."

ते तसेच उभे होते, पश्चिमेकडे तोंड करून, उजवा तळहात किंचित बाहेर वळवलेला. वाट समजून घेणारा माणूस नकळत वळवतो तसा.

"पुढं सांगा," ते म्हणाले.

"फुडं काय न्हाई. कातळाला येढा घातला की वाट सोपी हाय. सरळ कोकणात उतरती."