बोटभर अंतर

“आक्का, देवापुढं शब्द टाकलास की माप काढत बसू नकोस, चालायला लाग.” सासूबाई धोंडुबाई जाऊन वर्षं लोटली, तरी आक्काताईंच्या कानात तो आवाज अजून खणखणीत होता.

आज मात्र कान फोनकडं लागले होते. शनिवारचा उपास, पण भुकेची आठवणच नव्हती. लेक स्वप्नाली मालदीवात छोटं विमान चालवायची आणि आज पहिल्यांदाच कॅप्टन होऊन ती उत्तर टोकाच्या बेटावरनं दक्षिण टोकाच्या बेटावर निघाली होती. खाली पाणीच पाणी.

मागं तिनं नकाशा धाडला होता. आक्काताईंनी त्यावर बोट टेकवलं, तर दोन्ही बेटं बोटाच्या अंतरात मावली. कसबा बावड्यातल्या त्यांच्या घरापासून जोतिबाचा डोंगरसुद्धा फोनवर असाच बोटभर भरला होता. त्यांनी लगेच हात जोडले. “देवा, पोरगी जेवढं पाण्यावरनं उडंल, तेवढं मी तुझ्या वाटेवर अनवाणी चालीन.” एका रविवारचं काम!

फोन वाजला.

“आई, उतरले! लोकांनी टाळ्या वाजवल्या गं!”

“चांगभलं!” एरवी ज्यांचा आवाज शेजारच्यालाही ऐकू जात नसे, त्या आक्काताई एवढ्या मोठ्यानं ओरडल्या, की तानाबाई कणकेच्या हातांनीच पलीकडच्या घरातनं धावत आल्या. आक्काताईंच्या नवऱ्यानं, सयाजीरावांनी, पेढ्यांचा पुडा फोडला.

“पोरी, किती लांब पडलं?” तानाबाईंनी फोनमध्ये तोंड घातलं.

“आठशे वीस किलोमीटर, काकू.”

आक्काताईंच्या हातातला पेढा हातातच राहिला.

“आक्का, तू तेवढं चालणार न्हवं? नागपूर गाठलंस की गं बाई!” नवस ठाऊक असलेल्या तानाबाई म्हणाल्या.

आक्काताईंनी बोट पुढं करून सगळा हिशेब सांगितला, तसे सयाजीराव पोट धरून हसले. “अगं, फोनवरचा नकाशा चिमटीनं ल्हान-मोठा हुतोय! नारळ वाहा नि मोकळी हो. देवाला कळतंय.”

“आई, खरंच नको,” स्वप्नाली काकुळतीला आली. “आणि उद्या सकाळी मला माघारी उडायचंय. तेही धरणार का?”

“आनिक आठशे वीस!” तानाबाईंनी कपाळाला हात लावला, तो कणकेसकट.

ते बघून आक्काताईंना हसू आवरेना. डोळ्यांत पाणी येईस्तोवर त्या हसल्या. मग पदरानं डोळे टिपत हळूच म्हणाल्या, “सगळं एकाच रविवारी चालीन, असं कुठं बोलले मी? तू उडत राहा. मी दर रविवारी थोडं थोडं चालत राहीन.”

“ऐकायची न्हाय ही,” सयाजीराव पुटपुटले.

रविवारी फटफटायच्या आत आक्काताईंनी देवापुढं दिवा लावला. तिकडं लेक विमानाकडं निघाली असेल. चपला दाराआड सरकवल्या, सयाजीरावांची झोप मोडू नये म्हणून कडी अलगद ओढून घेतली आणि गार रस्त्यावर पहिलं पाऊल टाकलं.